भुलीतली जाग

काटेवाल्या बाईंनी डोळे मिटले आणि त्या म्हणाल्या, “आता बोला काहीतरी.”

समोरच्या खुर्चीत भूलतज्ज्ञ बसला होता. जिन्याच्या तीन मजल्यांत त्याने चार वाक्यं जुळवून ठेवली होती, त्यातलं एकही तोंडात येईना.

“काय बोलू?” त्याने विचारलं.

“पुरे,” बाई म्हणाल्या. त्यांनी डोळे उघडले नव्हते. “त्या दिवशीचा हाच आवाज.”

बाजारातल्या दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि त्यांवर शिक्का मारायचा, हे काम बाई सव्वीस वर्षं करत होत्या. सरकारी हुद्दा लांबलचक होता, पण अख्खा बाजार त्यांना काटेवाल्या बाई म्हणायचा. कुठल्या काट्याला किती ग्रॅमची चूक माफ आहे, हे त्यांनी झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. गेले सहा आठवडे मात्र त्यांना झोपेतून उठवायची वेळच कुणावर आली नव्हती.

सहा आठवड्यांपूर्वी त्यांचं पित्ताशय काढलं होतं. ऑपरेशन नीट झालं, टाके निघाले, जखम भरली, आणि मग रुग्णालयाच्या अधीक्षकांना त्यांचं चार ओळींचं पत्र आलं. ऑपरेशन चालू असताना मी जागी होते, असं त्यात लिहिलं होतं. मला सगळं कळत होतं, पण हलता येत नव्हतं. कुणाबद्दल तक्रार नाही. मी किती वेळ जागी होते, तेवढं कृपया कळवावं.

अधीक्षकांनी ते पत्र भूलतज्ज्ञापुढे सरकवलं होतं.

“स्वप्न पडलं असणार. भूल उतरताना पडतात लोकांना,” ते म्हणाले होते. “तू स्वतः जा. गोड बोल, आणि एवढ्यावर सही घेऊन ये.”

एवढ्यावर म्हणजे टाइप केलेल्या एका कागदावर. मला जे जाणवलं ते भूल उतरतानाचं स्वप्न होतं, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं व मला ते पटलं, अशी त्यात दोन वाक्यं होती. तो कागद आता भूलतज्ज्ञाच्या मांडीवरच्या फाइलीत होता. त्याने फाइल अजून उघडली नव्हती.

आतल्या खोलीतून बाईंचे भावोजी चहाचे कप घेऊन आले. ऑपरेशननंतर बाई थोरल्या बहिणीकडे राहत होत्या. बहीण दिवसभर नोकरीवर, त्यामुळे घरी हे दोघंच. भावोजी चित्रकलेचे निवृत्त शिक्षक होते, आणि रोज दुपारी चारला वाचनालयाच्या वरच्या खोलीत ध्यानाचा वर्ग घेत.

“डॉक्टर, तुम्हाला कल्पना आहे का, तुमच्या हातून काय घडलंय ते?” कप ठेवता ठेवता ते म्हणाले.

भूलतज्ज्ञाने उचललेली बशी परत खाली ठेवली.

“म्हणजे चांगल्या अर्थाने म्हणतोय मी. आपण काय समजतो? जाणीव या डोक्यात असते, कवटीत कोंडलेली. मी वर्गात नेहमी सांगतो, तसं नाहीये. जाणीव एकच आहे, सगळ्यांत मिळून एक. आपण तिच्यातले बुडबुडे. बुडबुडा फुटला की पाणी कुठे जात नाही. हिचा बुडबुडा तुमच्या टेबलावर फुटला. आणि ही परत येऊन सांगतेय! लोक जन्मभर बसतात यासाठी.”

“भावोजी, चार वाजत आले,” बाई म्हणाल्या.

“जातो, जातो. पण डॉक्टर, तुम्ही रोज माणसांची शुद्ध घालवता. ती जाते कुठे, सांगा बरं.”

भूलतज्ज्ञाने कपाच्या कडेवरून बोट फिरवलं.

“माहीत नाही,” तो म्हणाला. “आम्हाला फक्त घालवता येते.”

भावोजींना हे उत्तर फार आवडलं. ते हसत उठले, पण दाराशी गेल्यावर त्यांनी भूलतज्ज्ञाला खुणेने बोलावून घेतलं. बाहेरच्या अरुंद जागेत त्यांचा आवाज एकदम खाली आला.

“ती झोपत नाही हो. खुर्चीत बसून असते. डोळा लागला की दचकून उठते, हात हलतोय का बघते. मी तिला म्हटलं, तू भाग्यवान आहेस. तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.” पायातल्या बुटाचं टोक त्यांनी पायरीवर घासलं. “तीस वर्षं बसतोय मी. पाठीचा कणा सरळ, श्वास सरळ. मला कधी काही दिसलेलं नाही. हे वर्गात नाही सांगत मी.”

आणि ते जिना उतरून गेले.

भूलतज्ज्ञ परत येऊन बसला. खिडकीतून समोरच्या इमारतीचा लोखंडी जिना दिसत होता. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरं कुणी ओरडून दिशा सांगत होतं. बाईंनी शालीचा काठ गुडघ्यावर सारखा केला.

“सांगते,” त्या म्हणाल्या. “मधे बोलू नका. एकदाच सांगणार आहे.”

त्याने मान हलवली.

“आधी आवाज आले. धातूवर धातू ठेवल्याचा. वाटलं, झालं सगळं, आता उठवतील. डोळे उघडायला गेले तर उघडेनात. बोट हलवायला गेले, तर बोटच नव्हतं. छातीत श्वास जात होता, पण तो मी घेत नव्हते, कुणीतरी भरत होतं. आणि मग कापलं.”

बाहेरची गाडी बंद झाली.

“दुखणं कसं होतं ते सोडून देते. माझ्याकडे त्याला माप नाही. ओरडत होते मी, होता नव्हता तेवढा जीव एकवटून. आणि वरती सर्जन कुणाला तरी सांगत होते, घरातला नळ गळतोय, दोनदा माणूस येऊन गेला तरी गळतोच आहे. मला प्रत्येक शब्द कळत होता. ओरडणारं माणूस किती ओरडेल, डॉक्टर? एका ठिकाणी ते संपलं. दुखणं तसंच राहिलं, ओरडणारी संपली. आपल्याला कड असते ना? मी इथून इथपर्यंत, पुढचं सगळं दुसऱ्याचं. ती कड गेली.”

त्यांनी दोन्ही हात टेबलाच्या दोन टोकांवर ठेवले, मग तिथून उचलून मांडीवर घेतले.

“मग दुखणं पसरलं. उजव्या टाचेत कळ आली. माझी टाच नव्हती ती. डाव्या हाताला जी सिस्टर उभी होती, तिची. तिला बसायचं होतं आणि बसता येत नव्हतं. सर्जनच्या मानेत दोरी ओढल्यासारखं झालेलं. भिंतीपलीकडे एक म्हातारा होता. आपल्याला न्यायला कुणी येणार नाही, हे त्याला त्याच दिवशी कळलं होतं. खाली रस्त्यावर एक कुत्रं, पाय मोडलेलं. कुठे थांबेचना. जिथे जिथे काही दुखत होतं, तिथे मी होते. गेले होते असं नाही, आधीपासून होतेच.”

भूलतज्ज्ञाला ती सिस्टर माहीत होती. एका बुटात ती मऊ रबरी तुकडा घालते, हे त्याने कपडे बदलायच्या खोलीत अनेकदा पाहिलं होतं. ऑपरेशनच्या टेबलाभोवती ती टाचेबद्दल काही बोलली होती का, ते त्याला आठवेना. बोलली असेलही.

“भावोजी म्हणतात ते खरं आहे,” बाई म्हणाल्या. “सगळं एकच आहे. वेगळं कुणी नाहीच. पण त्यांच्या वर्गात हे ऐकताना लोक डोळे मिटून हसतात. मी एकदा जाऊन पाहिलं. हसण्यासारखं काय आहे त्यात? सगळं एकच असेल तर कुणाचंच दुखणं दुसऱ्याचं नाही. एवढं कुठे ठेवायचं माणसाने? दार लावून घ्यायला दार तर पाहिजे.”

त्यांनी पाण्याचा पेला उचलला, दोन घोट घेतले. आवाज तपासणीच्या अहवालासारखा सरळ होता, आणि त्यामुळेच भूलतज्ज्ञाला त्यांच्या तोंडाकडे बघवेना.

“आणि त्या सगळ्यांत एक जण घाबरला.”

भूलतज्ज्ञाने मांडीवरची फाइल सरळ केली.

“पोटात गार गोळा उठतो तशी भीती. आधी वाटलं माझीच. पण मला भीती उरलीच नव्हती. घाबरायला कुणीतरी लागतं ना, तेच नव्हतं. ही नवी होती, एकदम आली. मग डोळ्याच्या कोपऱ्याला कापूस लागला. कुणीतरी पाणी टिपलं. हलक्या हाताने, लहान मुलाचं टिपतात तसं. आणि मग काही नाही. एकदम काही नाही.” त्यांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ पाहिलं. “स्वप्नातलं पाणी कुणी कापसाने टिपत नाही.”

भूलतज्ज्ञाने फाइल उघडली. टाइप केलेला कागद काढला आणि टेबलावर ठेवला. का ठेवला, ते त्याला नीट सांगता आलं नसतं. बाईंनी तो चष्मा लावून वाचला. दोन वाक्यं वाचायला त्यांना बराच वेळ लागला.

“यावर सही करू?”

“नको,” तो म्हणाला.

मग त्याने कागद उलटा केला, खिशातलं पेन काढलं आणि कोऱ्या बाजूला लिहिलं. लिहिताना मोठ्याने वाचलं.

“नऊ चाळीस ते नऊ बावन्न. बारा मिनिटं.” त्याखाली त्याने सही केली, तारीख घातली.

बाई आकड्याकडे बघत राहिल्या.

“बारा,” त्या म्हणाल्या.

“नाडीचा आलेख यंत्रात राहतो. नऊ चाळीसला तुमची नाडी चढायला लागली. हाताने भरायचं पत्रक असतं, त्यात मी ते दाखवलं नाही. सरळ आकडे लिहिले.” त्याने पेनाला टोपण लावलं. “यंत्रावर एक कुपी असते. तिच्यातलं औषध हवेतून जातं, त्याने माणूस झोपेत राहतं. ती रिकामी झाली होती. आधीच्या ऑपरेशननंतर भरायची राहिली. शरीर लुळं करणारं औषध वेगळं, ते चालू होतं. नऊ बावन्नला मी तुमच्या डोळ्यांकडे पाहिलं. पट्टीखालून पाणी येत होतं. मग कुपीकडे पाहिलं.”

“आणि आधी पाणी टिपलंत.”

“हो.”

“आधी कुपी भरायला हवी होती.”

“हो.”

बाईंनी चष्मा काढला. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि बघतच राहिल्या. एक मिनिट केवढं असतं ते त्या मोजून बघत आहेत, हे भूलतज्ज्ञाच्या उशिरा लक्षात आलं. सेकंदाच्या काट्याने चार फेरे केले तेव्हा त्यांनी मान वळवली.

“मला वाटत होतं त्याला शेवटच नव्हता,” त्या म्हणाल्या. “मी अजून तिथेच आहे, आणि हे घर, ताई, भावोजी, हेच मधेमधे पडणारं स्वप्न आहे. बारा मिनिटं असतील तर ते संपलं. संपलं ना?”

“संपलं.”

त्यांच्या खांद्यांतलं काहीतरी सैल झालं. डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. त्यांनी कागदाची घडी घातली आणि स्वतःच्या पर्समध्ये, कामाच्या ओळखपत्रामागे ठेवून दिली. मग सव्वीस वर्षांची सवय जागी झाल्यासारखं विचारलं.

“कुपी संपली की घंटी वाजत नाही? आमच्या साध्या काट्यालासुद्धा वजन जास्त झालं की आवाज असतो.”

“वाजते. मी बंद केली होती.”

“का?”

“उगाच वाजायची. थोडं कमी झालं की लगेच. लक्ष जायचं.”

“त्या दिवशी बंद केलीत?”

“नाही.” तो टेबलाकडे बघत म्हणाला. “मागच्या हिवाळ्यात.”

बाईंनी बोटांवर मोजलं नाही, पण ओठ हलले. “माझं ऑपरेशन होईपर्यंत आठ महिने झाले म्हणजे.”

“हो.”

“एखाद्या दुकानात काटा खोटा निघाला ना, डॉक्टर, की आम्ही त्या एका गिऱ्हाइकाचं वजन बघत नाही. मागच्या शिक्क्यापासूनचं सगळं वजन खोटं धरतो.” त्या रागाने बोलत नव्हत्या. नवीन माणसाला काम शिकवावं तसं सांगत होत्या. “माझ्याआधी कोण कोण होतं?”

“माहीत नाही. कुणी कधी विचारलं नाही.”

“सांगायला आलं असेल कुणी.”

भूल उतरताना स्वप्नं पडतात, हे वाक्य अधीक्षकांचं नव्हतं. अधीक्षकांना ते भूलतज्ज्ञानेच कधीतरी शिकवलं होतं. आणि ते त्याने किती खाटांशेजारी उभं राहून, चादर नीट करत, हसून म्हटलं होतं, याचा त्याने कधी हिशेब ठेवला नव्हता.

बाईंनी मान खुर्चीच्या पाठीला टेकली. चेहरा एकाएकी फार थकलेला दिसायला लागला, जणू सहा आठवडे आत्ता एकदम अंगावर आले.

“मला झोप येतेय,” त्या म्हणाल्या. आवाजात भीती होती. “सहा आठवड्यांत पहिल्यांदा खरी येतेय. भावोजी बसतात शेजारी, पण ते डोळे मिटून बसतात. काय उपयोग?”

“मी उघडे ठेवतो.”

“मी परत तिथे गेले तर?”

“उठवीन.”

“कसं कळेल तुम्हाला?”

“बघत राहीन,” तो म्हणाला.

एवढं आश्वासन पुरेसं नव्हतं, हे दोघांनाही कळत होतं. पण बाईंकडे दुसरं नव्हतं. त्यांनी शाल गळ्यापर्यंत ओढली. दोनदा दचकून डोळे उघडले, दोन्ही वेळा तो जागच्या जागी होता. तिसऱ्यांदा उघडले नाहीत. हळूहळू जबडा सैल झाला. उजवा हात मांडीवरून घसरून खुर्चीच्या कडेला लोंबकळला, आणि तिथेच राहिला.

भूलतज्ज्ञ खुर्ची थोडी पुढे ओढून बसला. मिनिटाला चौदा श्वास. त्याने किती माणसांना झोपवलं होतं, पण झोपलेल्या माणसाकडे असं मधे यंत्र न ठेवता शेवटचं कधी पाहिलं होतं, ते त्याला आठवेना. पापण्या थरथरत होत्या. गळ्याजवळची शीर उडत होती. आत कुणी आहे की नाही, हे यातल्या कशावरूनही सांगता येत नव्हतं, आणि इतकी वर्षं तो ते आकडे बघून सांगत आला होता.

तो बघत राहिला, आणि बघता बघता त्या चेहऱ्यामागून दुसरे चेहरे यायला लागले.

एक सुतार होता. टेबलावर झोपतानासुद्धा विनोद करणारा, सिस्टरांना हसवणारा. दुसऱ्या दिवशी भूलतज्ज्ञ विचारपूस करायला गेला तर तो छताकडे बघत होता. काही होतंय का, म्हटलं तर त्याने भिंतीकडे कूस बदलली. वसंतातली गोष्ट असावी. मग ती कॉलेजातली मुलगी, अपेंडिक्सवाली. तिने आईला सांगून ठेवलं होतं, ते डॉक्टर खोलीत यायला नकोत. मुली लाजतात, असं म्हणून आईनेच माफी मागितली होती. आणि एक म्हातारे गायन शिक्षक. शुद्धीवर येताच त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं, नखं रुतेपर्यंत. तोंडात आवाज फुटत नव्हता, नुसते डोळे. त्याला वाटलं होतं, आभार मानताहेत. त्याने त्यांच्या हातावर थोपटलं होतं आणि सांगितलं होतं, झालं हं, सगळं छान झालं.

मनगटावर आत्ता काही नव्हतं. तरी त्याने बाही मागे सारून पाहिलं.

आणखी एक शिंपीण होती. एक बसचालक. एका बाळंतिणीचा चेहरा आठवत होता, नाव आठवत नव्हतं. त्याने मनाशी महिना धरला, महिन्यातले वार धरले, वारांतली ऑपरेशनं. एकेक चेहरा आला की तो थांबायचा, तो चेहरा नंतर कसा दिसला होता ते आठवायचा प्रयत्न करायचा. बहुतेकांचं त्याला काहीच आठवत नव्हतं. त्याने नंतर पाहिलंच नव्हतं.

खोलीतला उजेड खिडकीकडे सरकत गेला. समोरच्या लोखंडी जिन्यावर कुणीतरी वाळत घातलेली चादर काढून नेली. भूलतज्ज्ञाचे पाय बधिर झाले होते, पण खुर्ची करकरेल म्हणून तो हलला नाही. त्याची नजर बाईंच्या छातीवर होती आणि ओठ हळूहळू हलत होते.

किल्ली फिरल्याचा आवाज आला. भावोजी वर्ग आटपून आले होते. दारातच ते थबकले. झोपलेल्या मेहुणीकडे त्यांनी पाहिलं, तिच्या सैल पडलेल्या हाताकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. मग त्यांची नजर भूलतज्ज्ञाकडे गेली. ताठ पाठ, स्थिर नजर, हलणारे ओठ. आवाज होऊ नये म्हणून ते चवड्यांवर जवळ आले.

“ध्यान करताय?” त्यांनी कानाशी कुजबुजत विचारलं.

“नाही,” भूलतज्ज्ञ म्हणाला. नजर न हलवता. “आठवतोय.”

“काय?”

“माणसं.”

भावोजींनी समजल्यासारखी मान हलवली. मग कोपऱ्यातली खुर्ची अलगद उचलून त्यांनी भूलतज्ज्ञाच्या शेजारी मांडली, तीत बसले, पाठीचा कणा सरळ केला आणि समाधानाने डोळे मिटून घेतले.